चित्राचा रंग आणि भिंतीचा रंग

नवें घर घेतलेल्या एखाद्या स्नेह्याकडे आपण पहिल्यानें गेलों, आणि त्यानें हौसेनें दिवाणखाना दाखविला, म्हणजे अलीकडे एक वाक्य हटकून कानांवर येतें: "त्या चित्रांतला हा रंग आम्हीं भिंतीला घेतला." भिंतीवरून तो रंग गाद्यांच्या अभ्र्यांवर, अभ्र्यांवरून पडद्यांवर आणि पडद्यांवरून गालिच्यावर उतरलेला असतो, आणि सर्व मिळून खोली एका सुरांत लागलेल्या वाद्यासारखी वाटते. घरें सजविण्याचा धंदा करणारांनीं रूढ केलेला हा नियम दिसावयास अगदीं निरुपद्रवी आहे. घरांत चित्र एकच असेल, तर तो निरुपद्रवी असतोहि. परंतु ज्या घरांत वीस, तीस, चाळीस चित्रें आहेत, आणि तीं कोणा एकानें आयुष्यभर एकेक करून जमविलेलीं आहेत, तेथें हा नियम शिरला म्हणजे पहिला प्रश्न असा उभा राहतो कीं, रंग उचलावयाचा तो कोणत्या चित्रांतून? ज्यांतून तो उचलाल तें चित्र त्या खोलीचें यजमान होणार आणि बाकीचीं पाहुणीं. किंबहुना कांहींना तर पाहुणचारहि मिळणार नाहीं.

ह्या प्रश्नाचें उत्तर गृहसजावटीच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षां एका प्रत्यक्ष खोलीच्या इतिहासांत शोधावें, असें आम्हांस वाटतें. ही खोली म्हणजे लंडनमधील एका श्रीमंताच्या घरची जेवणाची खोली. ती इ. स. १८७६-७७ मध्यें रंगविली गेली. आज ती लंडनमध्यें नाहीं. अमेरिकेंत वॉशिंग्टन शहरच्या फ्रीअर कलासंग्रहालयांत ती उभी आहे, आणि 'मोरांची खोली' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. एका चित्रांतील रंगांस मान देऊन त्याप्रमाणें सबंध खोली सुधारावी, हा आजचा नियम त्या खोलींत एका असामान्य कलावंतानें शेवटच्या टोंकापर्यंत नेला. आम्हीं ती छायाचित्रांतूनच पाहिली असल्यामुळें तिच्यांतील उजेडाविषयीं आम्ही कांहीं बोलणार नाहीं; परंतु तेथें काय होतें, काय झालें आणि काय उरलें, ह्याची हकीगत पुरेशी स्पष्ट आहे.

फ्रेडरिक लेलंड हा लिव्हरपूलचा धनाढ्य जहाजमालक. त्या काळीं इंग्लंडांतील रसिकांस चिनी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचें जें वेड लागलें होतें, त्यांत हाहि सांपडला होता. त्याच्या संग्रहांतील पुष्कळशीं भांडीं चीनच्या कांग्-शी बादशहाच्या राजवटींतील, म्हणजे १६६२ ते १७२२ ह्या काळांतील होतीं. प्रिन्सेस गेट वस्तींतील ४९ क्रमांकाच्या घरांत तीं नीट मांडतां यावींत म्हणून त्यानें टॉमस जेकिल नांवाच्या वास्तुशिल्पज्ञास जेवणाची खोली सजविण्यास सांगितलें. जेकिलनें भिंतींना जुनें सोनेरी कातडें लावलें. त्यावर फुलांची नक्षी रंगविलेली होती. त्या कातड्यापुढें अक्रोडाच्या लांकडाच्या उभ्या-आडव्या चौकटींचीं फडताळें उभीं केलीं, आणि त्यांच्या खणाखणांतून भांडीं ठेवावयाचीं अशी योजना केली. चुलवणाच्या वर मात्र एक मोठें तैलचित्र होतें. तें जेम्स मॅक्नील व्हिस्लर ह्याचें, 'चिनी मातीच्या देशांतील राजकन्या' ह्या नांवाचें, १८६३ ते १८६५ ह्या काळांतील. जपानी झगा ल्यालेली, हातांत पंखा घेतलेली एक युरोपीय तरुणी निळ्या-पांढऱ्या गालिच्यावर उभी आहे, इतकाच त्याचा विषय. परंतु त्यांतील फिकट गुलाबी व रुपेरी छटा फार नाजूक आहेत.

जेकिलचें काम पुरें होत आलें असतां तो आजारी पडून दूर झाला, आणि उरलेलें हातावेगळें करण्यासाठीं व्हिस्लर पुढें सरसावला. त्याची पहिली तक्रार लहानशी होती. कातड्यावरील लाल फुलें व गालिच्याची लाल किनार आपल्या राजकन्येच्या गुलाबी छटांस मारक होतात, असें त्याचें म्हणणें. तें खोटें नव्हे. भडक लाल रंगाशेजारीं फिका गुलाबी रंग मळकट दिसतो, हें कोणतीहि गृहिणी लुगड्याशीं खण लावून पाहतांना जाणते. लेलंडनें संमति दिली. किनार कापली गेली, फुलांवर पिवळ्या रंगाचा हात फिरला. लेलंड लिव्हरपूलला निघून गेला, आणि व्हिस्लर खोलींतच राहिला. आतां सौम्य झालेल्या कातड्याशेजारीं अक्रोडाचें लांकूड त्यास जड वाटूं लागलें. फडताळें सोनेरी झालीं. सोनेरी फडताळांवर साधें छत शोभेना. छतावर सोनेरी मुलामा चढून मोरपिसांची नक्षी आली. खिडक्यांच्या झडपांवर लांब पिसाऱ्यांचे सोन्याचे मोर उतरले. आणि शेवटीं ज्या कातड्यावरील चार फुलें तेवढीं सौम्य करावयाचीं होतीं, तें कातडें सबंधच्या सबंध गर्द निळ्या रंगाखालीं गाडलें गेलें.

हा क्रम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्यांतील प्रत्येक पायरीस सबळ कारण आहे. कोणत्याहि एका पायरीवर व्हिस्लरला थांबवावयाचें म्हटलें असतें, तर त्याच्याशीं वाद घालणें कठीण पडलें असतें. एक रंग दुसऱ्यास हांक मारतो, दुसरा तिसऱ्यास. आणि ह्या सर्व हांकांत एकदांहि कोणीं भांड्यांना विचारलें नाहीं.

पुढची कथा पैशाची आहे, आणि तीच बहुतेक लेखक चवीनें सांगतात. व्हिस्लरनें २,००० गिनी मागितल्या. आपण न सांगितलेल्या कामाची ही किंमत ऐकून लेलंड संतापला, आणि त्यानें त्याच्या निम्मी रक्कम दिली. तीहि गिनींत नव्हे, तर पौंडांत. गिनी एकवीस शिलिंगांची, पौंड वीस शिलिंगांचा; कलावंताचा व सभ्य गृहस्थाचा हिशेब गिनींत व्हावा आणि कारागिराचा पौंडांत, असा तेव्हां संकेत होता. ह्या एका शिलिंगाचा डंख व्हिस्लर विसरला नाहीं. राजकन्येच्या समोरची भिंत एका दुसऱ्या चित्रासाठीं राखून ठेवलेली होती. तीवर त्यानें दोन भांडणारे मोर काढले. एका मोराच्या पायांशीं रुप्याचीं नाणीं विखुरलेलीं आहेत व त्याच्या गळ्यावरील रुपेरी पिसें लेलंडच्या झालरीच्या सदऱ्याची आठवण देतात. दुसऱ्याच्या माथ्यावर एक रुपेरी तुरा आहे, तो व्हिस्लरच्या काळ्या केसांतील प्रसिद्ध पांढरी बट होय. ह्या चित्रास त्यानें नांव दिलें 'कला आणि पैसा'. जेकिल पुढें १८८१ सालीं मनोरुग्णालयांत वारला. आपल्या कामाची ही गत पाहून त्यास वेड लागलें, अशी आख्यायिका आहे. पण तो आधींपासूनच आजारी होता, म्हणून आम्ही तिला महत्त्व देत नाहीं.

ह्या भांडणांत दोनच पक्ष मानण्याची चाल पडली आहे. कोणी म्हणतो, कलावंतानें परक्याच्या घरांत मर्यादा सोडली. कोणी म्हणतो, धनिकाला सोन्याची खाण मिळाली असतांहि त्यानें खडे मोजले. आमच्या मतें ह्या वादांत एक तिसरा पक्षहि आहे. तो फडताळांतून मुकाट्यानें बसलेला होता, आणि खोली मुळांत त्याच्यासाठीं होती.

निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्याची सारी मौज त्याच्या निळेपणांत असते. पांढऱ्या मातीवर कोबाल्टनें चितारून, वर पारदर्शक झिलई देऊन तें भट्टींत भाजतात. आणि मातीच्या, कोबाल्टच्या व भट्टीच्या गुणानें एका भांड्याचा निळा रंग किंचित् जांभळट होतो, दुसऱ्याचा राखी, तिसऱ्याचा लखलखीत नीलमण्यासारखा. हा सूक्ष्म भेद ओळखण्यांतच संग्राहकाचें आयुष्य जातें. अशा भांड्यांच्या मागें पिवळसर सोनेरी कातडें असेल, तर प्रत्येक निळा रंग आपापल्या स्वरूपांत उठून दिसेल. जेकिलनें तें हेतुपुरस्सर केलें असो वा नसो. परंतु मागें सबंध भिंतच निळी झाली म्हणजे काय होतें? भांड्याचा पांढरेपणा तेवढा ठिपक्यासारखा चमकतो आणि त्याचा निळेपणा भिंतीच्या निळेपणांत बुडतो. नेमका जो रंग दोघांना समान, तोच हरवतो. मैफलींत तंबोऱ्याचें काम सूर धरून बसण्याचें. तोच गाऊं लागला, आणि तोहि गवयाचीच चीज, तर गवयानें करावें काय? रंग उचलण्याच्या नियमांतील मर्म येथें आहे. भिंतीनें चित्राची री ओढली, तर चित्राचा मान वाढत नाहीं. त्याच्या मुखांतील शब्द काढून घेतला जातो.

ह्याचा पुरावा त्या खोलीच्या उत्तरचरित्रानेंच पुरविला आहे. लेलंडनें, त्याच्या रसिकतेस शोभेल असें, तें काम खरवडून काढलें नाहीं. भांडणाऱ्या मोरांच्या समोर बसून तो जन्मभर जेवला. १८९२ सालीं तो वारला आणि त्याचा संग्रह विकला जाऊन पांगला. अमेरिकेंतील चार्ल्स लँग फ्रीअर ह्यानें १९०३ मध्यें राजकन्या घेतली आणि १९०४ मध्यें सबंध खोली विकत घेऊन, सुटी करून, समुद्रापार डेट्रॉइटला नेली. तिच्या फडताळांत त्यानें स्वतःचीं भांडीं मांडलीं: इराण व सीरिया येथील हिरवट-निळीं, कोरियाचीं पिस्त्याच्या रंगाचीं, जपानचीं तपकिरी व राखी. १९१९ मध्यें तो वारल्यावर खोली वॉशिंग्टनला आली, १९२३ मध्यें संग्रहालय उघडलें, आणि २०११ सालीं तेथील लोकांनीं १९०८ च्या छायाचित्रांवरून फ्रीअरची ती मांडणी कांहीं काळ पुन्हां उभी केली. दोन्ही मांडणींचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहतां आम्हांस तरी संशय राहत नाहीं: फ्रीअरचीं भांडीं त्या भिंतीसमोर जिवंत दिसतात, आणि निळीं-पांढरीं भांडीं झालरीसारखीं. कारण हिरव्या, राखी, तपकिरी रंगांवर त्या भिंतीनें हक्क सांगितलेला नाहीं. भांड्यांसाठीं खोली झाली. भांडीं गेलीं, खोली राहिली. आणि मग खोलीला शोभतील अशीं दुसरीं भांडीं आलीं. संग्रहाभोवतीं घर रचण्याचा ह्याहून उलटा प्रकार आमच्या ऐकिवांत नाहीं.

कोणी विचारील, खोली जर इतकी अप्रतिम झाली, तर चार भांड्यांचा शोक कशाला? ह्या आक्षेपांत तथ्य आहे. व्हिस्लरची खोली ही स्वतःच एक कलाकृति आहे, आणि तिच्यासाठीं एखादा संग्रह दुय्यम झाला तरी जगाचा तोटा झाला नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु आपल्या घरीं जो रंगारी येतो तो व्हिस्लर नसतो. व्हिस्लरनें संग्रहाचा बळी देऊन त्याच्या मोबदल्यांत एक अमर वस्तु ठेवली. आपण तोच बळी देऊन मोबदल्यांत एखाद्या बऱ्यापैकीं हॉटेलची बसण्याची खोली मिळवितों.

ह्याच लंडनमध्यें, व्हिस्लरच्या अर्धशतक आधीं, एका वास्तुशिल्पज्ञानें हा प्रश्न अगदीं निराळ्या रीतीनें सोडविला होता. सर जॉन सोन ह्याचें लिंकन्स इन फील्ड्स येथील घर १८३३ च्या एका खास कायद्यान्वयें राष्ट्राच्या स्वाधीन झालें, आणि १८३७ मध्यें तो वारला तेव्हां जसें होतें जवळजवळ तसेंच तें आजहि पाहावयास मिळतें. सोनला रंगाचें वावडें नव्हतें. त्याची ग्रंथांची व जेवणाची खोली गडद तांबडी आहे आणि बैठकीची खोली झगझगीत पिवळी. परंतु चित्रांचा प्रश्न त्यानें रंगानें सोडविला नाहीं, बिजागरीनें सोडविला. त्याची १८२४ मधील चित्रांची खोली सुमारें चौदा फूट लांब आणि बारा फूट रुंद, म्हणजे आपल्या फ्लॅटमधील एखाद्या खोलीएवढी. तींत शंभराहून अधिक चित्रें आहेत. भिंती ह्या भिंती नसून मोठ्या फळ्या आहेत. त्या दारासारख्या उघडतात, त्यांच्या पाठीवरहि चित्रें असतात, आणि आंत आणखी चित्रें. होगार्थची, एका उधळ्या तरुणाच्या अधःपाताची आठ चित्रांची मालिका सोननें १८०२ मध्यें घेतली. ती ह्याच फळ्यांवर आहे. राखणदार फळी उघडतो तेव्हां ती दिसते, फळी मिटली कीं त्या चित्रांना विश्रांति मिळते.

सर्वच चित्रें सर्व वेळ डोळ्यांसमोर असलीं पाहिजेत असें नाहीं, आणि तीं एकमेकांशीं जुळलींच पाहिजेत असेंहि नाहीं, हें सोननें ओळखलें होतें. जपानी घरांत कोनाड्यासारख्या एका जागीं एकच चित्रपट टांगतात आणि ऋतूप्रमाणें तो बदलतात. बाकीचे पेटींत असतात. व्हिस्लर जपानवर लुब्ध होता, परंतु त्यानें जपानचा पंखा घेतला आणि पेटी मात्र घेतली नाहीं!

आमच्या जुन्या दिवाणखान्यांत असा विचार कोणीं केला होता, असा आमचा दावा नाहीं. चुन्यांत थोडी नीळ टाकून भिंती सारविलेल्या असत, आणि छताच्या खालीं, पुढें कललेल्या तसबिरींची एक रांग असे. पुण्याच्या चित्रशाळेचीं चित्रें (ती संस्था १८७८ ची), रविवर्म्याच्या १८९४ मध्यें घाटकोपरास निघालेल्या छापखान्यांतील लक्ष्मी-सरस्वती, लोकमान्य, आजोबांचें छायाचित्र आणि कोणा व्यापाऱ्याचें देवाचें कॅलेंडर, सर्व एका पंगतीस. चित्रें फार उंच असत, धुरानें काळवंडत, आणि मान वर करून कोणी तीं पाहत असे असेंहि आठवत नाहीं. तथापि एक गोष्ट खरी कीं, त्या भिंतीनें कोणत्याहि चित्राचा पक्ष घेतला नव्हता. सरस्वतीच्या लुगड्याचा रंग पडद्याला शोधावा, असें आमच्या आजीच्या स्वप्नांतहि आलें नसतें.

म्हणून भिंती पांढऱ्याच असाव्यात असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. हल्लींचा चकचकीत पांढरा रंग विजेच्या दिव्यांखालीं डोळ्यांवर येतो, आणि त्यावर भडक चित्रें पोस्टाच्या तिकिटांसारखीं चिकटवलेलीं दिसतात. अमेरिकेंतील अल्बर्ट बार्न्स ह्या संग्राहकानें रनवार, सेझान आणि मातीस ह्यांचीं अत्यंत रंगीत चित्रें गोणपाटासारख्या भरड, मातकट कापडाच्या भिंतींवर दाटीनें लावलीं व मधून मधून जुन्या लोखंडी बिजागऱ्या टांगल्या. तो प्रकार विक्षिप्त असला, तरी भिंतीचा रंग त्यानें अचूक निवडला: मालकी कोणत्याच चित्राची नाहीं असा.

हें सारें आम्ही आज शहाणपणानें लिहीत असलों, तरी दीड वर्षापूर्वीं आम्हींच त्या हुकमी वाक्यास मान डोलाविली होती. आमच्या एका मित्राचे वडील कोंकणांत एका हायस्कुलांत चित्रकलाशिक्षक होते. त्यांनीं जमविलेलीं चाळीस चित्रें मित्राकडे आलीं: पिंगुळीच्या चित्रकथ्यांचीं कांहीं पानें, जुन्या छापील तसबिरी, आणि बाकीचीं त्यांच्या विद्यार्थ्यांचीं जलरंगांतील चित्रें. पुण्यास नवा फ्लॅट झाला तेव्हां सजावटकारानें त्यांतील भातखाचरांचें एक जलरंगचित्र निवडलें व त्यांतील हिरवा रंग भिंतीला दिला. त्या भिंतीशीं जुळणारीं नऊ चित्रें वर लागलीं. आम्ही चहा घेऊन, खोलीची स्तुति करून घरीं आलों. त्या सबंध भिंतीपुढें खाचराचा हिरवा रंग वाळल्यासारखा दिसतो, हें आम्हांस तेव्हां दिसलेंच नाहीं.

गेल्या जूनमध्यें पुन्हां जाणें झालें. मित्राच्या मातोश्री, आमच्या काकू, म्हणाल्या, "अरे, माळ्यावरचा तो गठ्ठा जरा उतरवून देतोस का? पाऊस सुरू झालाय, आणि ह्याला काहीं वेळ होत नाहीं." आम्हीं स्टुलावर चढून गठ्ठा काढला. वर्तमानपत्रांत गुंडाळलेलीं एकतीस चित्रें. दोन जलरंगांना ओल लागून डाग पडले होते. चित्रकथीचें एक पान कसरीनें कडेला खाल्लें होतें. काकूंनीं एकेक चित्र उलटून पाठीमागचें विद्यार्थ्याचें नांव व इयत्ता वाचली, आणि हा मुलगा पुढें काय झाला तें सांगत गेल्या. मित्र ऐकत उभा होता. ह्यांतलें बरेचसें त्यालाहि ठाऊक नव्हतें.

त्यांतील एक कोंबड्यांचें चित्र काकूंनीं त्याच दिवशीं स्वयंपाकघरांत पाण्याच्या पिंपावर लावून घेतलें. हिरव्या भिंतीला आतां कोणता रंग द्यावा ह्यावर घरांत एकमत होत नाहीं. वहिनी राखी म्हणतात, मित्र मातकट म्हणतो. सुताराला बोलावून भिंतीच्या एका बाजूस उघडझांप करणाऱ्या दोन फळ्या बसवून पाहाव्यात असें आम्हीं सुचविलें आहे, आणि सुतारानें मापेंहि घेतलीं आहेत. तूर्त उरलेलीं तीस चित्रें जेवणाच्या टेबलावर आहेत, आणि घरचीं माणसें पाटांवर जेवतात.